उपयोगाचा काटा आणि ऋद्धपूरचे राऊळ

न्यूरोडायव्हर्सिटी, म्हणजे मेंदूंच्या घडणीतले वैविध्य, उत्क्रांतीच्या अंगाने समजावताना एक युक्तिवाद हमखास येतो : आज ज्या मुलाला वर्गात बसवत नाही, तो शिकारीच्या युगात टोळीचा उत्तम टेहळ्या ठरला असता. याला थोडा आधारही आहे. केनियातील आरियाल पुरुषांवरचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. चंचलतेशी जोडले गेलेले डीआरडी४ जनुकाचे एक रूप ज्यांच्यात होते, ते भटक्या वस्तीत अधिक पोसलेले आढळले. स्थिरावलेल्या वस्तीत चित्र उलटे होते.

पण हा युक्तिवाद माणसाला उपयोगाच्या काट्यावर तोलतो. ज्याचा उपयोग कोणत्याच युगात दाखवता येत नाही, त्याचे काय? याचे उत्तरही उत्खननातच सापडते. इराकमधील शानिदार गुहेतला एक निअँडरथल पुरुष उजवा हात निकामी असूनही उतारवयापर्यंत जगला. हे अपंगत्व शरीराचे आहे, मेंदूचे नव्हे. परंतु सांभाळण्याची रीत किती जुनी, हे त्यावरून कळते.

मराठीत या रीतीचा मोठा दस्तऐवज म्हणजे म्हाइंभटांनी संकलित केलेले गोविंदप्रभूंचे चरित्र. तेराव्या शतकातल्या ऋद्धपुरात राऊळ कुणाच्याही घरात शिरतात, हवे ते खातात, वस्तूंशी खेळतात, अकस्मात हसतात, रागावतात. गाव त्यांना वेडे म्हणते आणि मायबापही मानते. वाचताना दोन मोह होतात : आजचे निदान त्यांना चिकटवावे, किंवा ‘ही तर लीळा’ म्हणून त्यांचे निराळेपण पुसून टाकावे. माझ्या मते ग्रंथाचे बळ दोन्ही शब्द शेजारी राहू देण्यात आहे.

यावर आक्षेप येईल : देव मानले म्हणूनच सांभाळले. आक्षेप रास्त आहे, आणि तिथेच ऋद्धपूरचा दाखला अपुरा पडतो.

आमच्या सोनपेठ भागातून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो; मोजणीच अवजाराच्या नावाने. तिथे न बोलणाऱ्या, एकाच जागी डोलत बसणाऱ्या लेकराला टेहळ्या ठरवून चालत नाही, अवतार ठरवूनही नाही. शानिदारच्या त्या माणसाला भाकरतुकड्यासाठी यातले काहीच व्हावे लागले नसावे. उत्क्रांतीची साक्ष काढायचीच, तर मी ही काढीन.