दगडी कोळशाचा अलिखित इतिहास

माहूरच्या गडावरून पैनगंगा पाहणारा यात्रेकरू रेणुकेची कथा जाणतो. पण हीच नदी पुढें वर्धेस मिळते व त्या संगमाच्या परिसरांत वणी, घुग्घुस, राजुरा येथील दगडी कोळशाचा पट्टा पसरला आहे, हें त्याच्या गांवींही नसतें. हा दोष यात्रेकरूचा नव्हे. आपल्या प्रादेशिक इतिहासलेखनाचा आहे.

हें लेखन जिल्ह्याच्या सीमेपाशीं थबकतें. माहूर ज्यांत मोडे तो किनवट तालुका व राजुरा हे दोन्ही निझामी अमलांत आदिलाबाद जिल्ह्याचे. १९५६ सालीं ते नांदेडकडे आले आणि १९५९ त राजुरा चांद्यास जोडला गेला. परिणामीं राजुऱ्याच्या खाणी नांदेडच्या इतिहासकारास परक्या, तर तेथील निझामी काळ चांद्याच्या इतिहासकारास परका. भूगर्भांतील थराला मात्र तहशिलीची हद्द ठाऊक नसते.

दुसरा दोष दृष्टीचा. १९०९ चें चांदा जिल्ह्याचें इंग्रजी गॅझेटियर हा राज्यकर्त्याचा जमाखर्च आहे, आणि जमाखर्च म्हणून तो चोख आहे. वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ सालीं बंद पडली, हें अशा ग्रंथांवरून कळतें. त्या खाणींत उतरणाऱ्या मजुराचा आवाज त्यांत शोधणें व्यर्थ. ग्रंथकाराचा तो हेतूच नव्हता. परंतु आपण त्या जमाखर्चालाच इतिहास मानून बसलों, ही चूक आपली. फ्रेंच कादंबरीकार झोला १८८४ त आंझँच्या खाणींत स्वतः उतरला, तेव्हां कोठें १८८५ सालीं ‘जेर्मिनाल’ प्रसिद्ध झाली. आपल्याकडे मात्र या कोळशाच्या खडकांना मिळालेलें ‘गोंडवन’ हें नांव भूगर्भशास्त्राबरोबर जगभर गेलें, आणि ज्यांच्यावरून तें आलें त्या गोंडांच्या आठवणी घराबाहेरही पडल्या नाहींत.

खाण म्हणजे कांहीं वेरूळचें लेणें नव्हे. तिचें जतन कशाला, असें कोणी म्हणेल. वेल्समधील ‘बिग पिट’ ही खाण १९८० सालीं बंद झाली व १९८३ त संग्रहालय म्हणून उघडली; तेथें जुने खाणकामगारच पाहुण्यांना खालीं नेऊं लागले. जतन करावयाचें तें दगडाचें नव्हे, अनुभवाचें.

आणि येथें विलंबास सवड नाहीं. उघड्या खाणी जुन्या बोगद्यांसह गांवेंही गिळतात. वृद्ध कामगारांबरोबर त्यांची स्मृति जाते. हजेरीपटांसारखे कागद कदाचित् उद्यांही सांपडतील. तेलुगू, गोंडी, हिंदी, वऱ्हाडी बोलणाऱ्या त्या माणसांची साक्ष मात्र आजच लिहून घेतली पाहिजे. तिच्यावांचून लिहिलेला या प्रदेशाचा इतिहास कितीही जाडजूड झाला, तरी तो अपुराच ठरेल.