वाद्याची जात

मागच्या पावसाळ्यात पौडला एका विद्यार्थ्याने मला मोबाईलवर काही गाणी ऐकवली. लंडनच्या 'द पोग्ज' या बँडची. अकॉर्डियन, बँजो, पत्र्याची बासरी आणि त्यावर दारूने बसल्यासारखा खरखरीत आवाज. "सर, याला फोक पंक म्हणतात," तो म्हणाला. "आपल्या जलशासारखंच आहे की! आम्ही पोरं मुळशीत असाच बँड काढतोय. गिटार आहे. आता हलगी तेवढी पाहिजे."

त्याचे पहिले म्हणणे मला अर्धे पटले. दुसऱ्याने मात्र मी अस्वस्थ झालो.

पंक हा प्रकार 1976-77 च्या सुमारास लंडनमध्ये गाजला. बेकार, चिडलेली पोरे गिटारवर तीन सूर शिकली आणि मंचावर चढली. कोणाची गुरुकृपा नको, कोणाचे प्रशस्तिपत्र नको. पोग्जनी 1982 मध्ये या रागाला आयरिश लोकचालींची जोड दिली. इंग्लंडमध्ये रस्ते खणायला, इमारती बांधायला आलेल्या आयरिश मजुरांची ही गाणी. त्यामुळे नुसत्या रागाला आठवण मिळाली आणि लोकगीतावर चढलेली संग्रहालयाची धूळ झटकली गेली. हे मोठेच काम होते. पण तिथल्या पोराला बापाची चाल उचलताना एक गोष्ट सोपी होती. इंग्रजाने आयरिश माणसाचा कितीही अपमान केला असो, ते वाद्य त्याच्या घरचे होते. ते वाजवणे ही कोणाची चाकरी नव्हती.

आमच्याकडे 'लोक' हा शब्द इतका निरागस नाही. हलगी कोणी वाजवायची, कोणाच्या दारात, कोणत्या सणाला, हे गावाने ठरवलेले होते. महार-मांगांनी वाजवायचे आणि गावाने नाचायचे. आमच्या आज्याने उभा जन्म लग्नाच्या वरातीपुढे हलगी वाजवली. पाचटाच्या जाळावर ती शेकून तो कातडे ताणून घेई, आणि वरात मांडवात शिरली की बाहेर बसून राही. जेवण शेवटी, तेही पदरात. 1956 च्या धर्मांतरानंतर वस्तीने ठरवले की मेलेले ढोर ओढायचे नाही आणि सणाला वाजवायचे नाही. त्या वर्षी आज्याने हलगी आढ्याला अडकवली ती पुन्हा उतरवली नाही. मी लहानपणी काठीने ती वाजवून पाहिली तेव्हा बापाने माझ्या कानाखाली आवाज काढला. महार वतने कायद्याने गेली 1958 मध्ये. आमच्या घरातले वतन त्याआधीच आढ्याला टांगले गेले होते.

म्हणून 'हलगी तेवढी पाहिजे' हे वाक्य मला साधे वाटत नाही.

जलशाने हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. सत्यशोधक जलशाने आणि पुढे भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशाने तमाशाचा सांगाडा घेतला, पण गण पालटला, गवळणीचा रंग बदलला, बतावणीत भटशाही आणि सावकारी उभी केली. ढोलकी तीच आणि तुणतुणे तेच होते, फक्त बिदागी देणाऱ्याच्या मर्जीने वाजणे बंद झाले. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक काढले, तेव्हा हीच परंपरा गिरणीच्या दारात गेली.

या वाटेवरचा आपल्या जिल्ह्यातला अलीकडचा महत्त्वाचा संच म्हणजे कबीर कला मंच. गुजरातच्या 2002 च्या दंगलीनंतर पुण्यात तो उभा राहिला. वस्तीतली पोरे-पोरी, हातात डफ, तोंडी जात, भूक, स्त्रीचे दुःख. कोणी त्यांना पंक म्हणाले असते तर तीही हसली असती. पण परवानगी न मागता चौकात उभे राहणे हाच पंकचा गाभा असेल, तर ती वृत्ती इथे पुरेपूर होती. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (2011) या चित्रपटात शीतल साठे यांचा आवाज ज्यांनी ऐकला त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. त्यात जात्यावरच्या ओवीचा लोट आहे. तालमीने गुळगुळीत न झालेला, मोकळ्या रानात दूरवर जाणारा हा आवाज आहे.

मला या संचाविषयी एक तक्रारही आहे. त्यांच्या काही गाण्यांत घोषणा गाण्याच्या आधी पोचते. एका कडव्यात जात, भांडवल, साम्राज्यवाद, पुरुषसत्ता सगळे एकदम येते आणि ऐकणारा कशालाच धरू शकत नाही. आईवर गाताना असे होत नाही, कारण तिथे एक बाई डोळ्यांसमोर असते. वामनदादा कर्डकांना हे नीट माहीत होते. ते घरातली एक वस्तू उचलत आणि तिच्यावरून अख्खी व्यवस्था दाखवून देत. आमच्या सभागृहांतले शिकलेले श्रोते मात्र घोषणेलाच टाळ्या देतात. टाळ्यांनी गाणे बिघडते, हे काय केवळ तमाशातच घडते?

ही टीका मी संकोचून करतो, कारण या मुलांनी मोजलेली किंमत मोठी आहे. 2011 पासून बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटकसत्र सुरू झाले. 2 एप्रिल 2013 रोजी शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर आले. ही शरणागती नसून सत्याग्रह आहे, असे त्यांनी सांगितले. साठे यांना त्याच वर्षी जामीन मिळाला. माळी, सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळायला 2017 उजाडले. सप्टेंबर 2020 मध्ये एल्गार परिषदेच्या प्रकरणात गोरखे आणि गायचोर यांना पुन्हा अटक झाली, आणि ज्योती जगताप यांनाही. साठे-माळी यांनी पुढे नवयान महाजलसा काढला. गाण्यासाठी इतकी वर्षे मोजलेला गायक पंकच्या इतिहासात सहज सापडायचा नाही.

सत्याग्रह हा शब्द मुळशीत उच्चारला की कान टवकारतात. 1921 च्या रामनवमीला इथले मावळे टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले. सेनापती बापट त्यांचे पुढारी. धरण झालेच, आणि भिऱ्याच्या वीजघरातून मुंबईला वीज गेली. तो इतिहास सांगताना सेनापती येतात, मावळे येतात. गावाबरोबर गावकुसाबाहेरचेही बुडाले, हे मात्र वेगळे सांगावे लागते. पुढे याच तालुक्यात अँबी व्हॅली आली, लवासा आली, हिंजवडीच्या काचेच्या इमारती आल्या. शीतल साठे ज्या वर्षी विधानभवनासमोर उभ्या राहिल्या त्याच 2013 च्या डिसेंबरात अँबी व्हॅलीत तिकीट लावून मोठा संगीत-उत्सव भरला. त्या डोंगरात आवाजाला बंदी नव्हती. कोणत्या आवाजाला नव्हती, एवढेच पाहायचे.

चेन्नईत 2017 मध्ये पा. रंजित आणि तेन्मा यांनी 'कास्टलेस कलेक्टिव्ह' उभे केले. गाना हे वस्तीतले, मयताच्या घरी गायले जाणारे गाणे त्यांनी गिटार, ड्रमच्या शेजारी आणले. त्यांच्याकडे पराई आहे, म्हणजे आमच्या हलगीची बहीणच. तिच्याही कातड्याला तोच विटाळ चिकटलेला. तो त्यांनी लपवला नाही. नावापासूनच जातीचा प्रश्न मंचावर ठेवला आणि मग वाद्य वाजवले. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. प्रश्न मागे ठेवून नुसते वाद्य पुढे केले, तर ते लोकरंगाची फोडणी ठरते. शहरातल्या हॉटेलात भिंतीवर सूप-जाते टांगतात तसे.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला मी दोनच गोष्टी विचारल्या. हलगी कोण वाजवणार? आणि त्याला ती खाली ठेवावीशी वाटली तर ठेवता येईल का? तो गोंधळला. म्हणाला, "वाजवणारा मातंग वस्तीतला एक मित्र आहे सर, त्याच्या बापाची अजून गावच्या जत्रेला वाजपाची पाळी असती." मग त्याला बोलव, मी म्हणालो, आधी त्याला गायला सांग. गाणे त्याने लिहावे, गिटार त्याने धरून पाहावी, हलगी वाटल्यास तू वाजव. तुझे हात दुखू देत.

पंधरा दिवसांनी दोघे घरी आले. मित्राने गाणे लिहिले होते, जत्रेत सकाळपासून वाजवून संध्याकाळी बापाच्या हाती पडलेल्या नारळाच्या अर्ध्या कवडीवर. चाल अजून कच्ची आहे आणि दुसरे कडवे त्याला पुन्हा लिहावे लागेल.