'अन्यथा शाळा जबाबदार राहणार नाही' : पालकांना येणारी सूचना कशी वाचायची?

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय आणि विषय साधारण 'प्राथमिक शाळेतील पालकांचा सहभाग' असा काहीतरी आहे? मग आजची पोस्ट तुमच्यासाठी.

या विषयाला हात घातला की आपण प्रश्नावली घेऊन थेट पालकांकडे जातो. शाळेच्या सूचनांना प्रतिसाद देता का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही. 'कधीच नाही'वर जास्त खुणा पडल्या की निष्कर्ष तयार : पालक उदासीन आहेत. पण ज्या सूचनेला प्रतिसाद द्यायचा होता, ती तुम्ही वाचलीत का? कवितेचं रसग्रहण करतो तितक्या बारकाईने आज एक सूचना वाचू. खालचा नमुना मी रचलेला आहे, पण जिल्हा परिषद शाळेच्या पालक ग्रुपवर तो सहज खपून जाईल.

'सर्व पालकांना सूचित करण्यात येते की, दि. १० फेब्रुवारी रोजी शाळेत जंतनाशक गोळी देण्यात येणार आहे. सर्व विद्यार्थी उपस्थित राहतील याची दक्षता घ्यावी. तसेच ज्या विद्यार्थ्यांचे आधार अपडेट नाही त्यांनी तात्काळ अपडेट करून झेरॉक्स वर्गशिक्षकांकडे जमा करावी. अन्यथा होणाऱ्या नुकसानीस शाळा जबाबदार राहणार नाही.'

आधी क्रियापदं बघा. 'सूचित करण्यात येते', 'देण्यात येणार आहे' : करणारा कोण, ते कुठेच नाही. पालकांच्या वाट्याला 'घ्यावी' आणि 'करावी'. शाळा स्वतः कर्ता म्हणून एकदाच येते, शेवटच्या वाक्यात. आणि तिथेही ती येते ती जबाबदारी नाकारायला. एवढं निरीक्षणसुद्धा तुमच्या प्रकरणातला एक परिच्छेद होऊ शकतं.

आता मजकुरात काय नाही ते बघा. राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा कार्यक्रम १ ते १९ वर्षं वयाच्या मुलांसाठी असतो. मूल आजारी असेल तर त्या दिवशी गोळी देत नाहीत, आणि राहिलेल्या मुलांसाठी नंतर मॉप-अप दिवस ठेवतात. मुलाला ताप असलेल्या आईला नेमकं हेच कळायला हवं. तिला मिळतं काय, तर 'दक्षता घ्यावी'. मग ती घाबरून मुलाला घरी ठेवते, नाहीतर तापातच पाठवते. दोन्हीपैकी काहीही झालं तरी 'पालकांमध्ये जागृती नाही' असं लिहून आपण मोकळे.

तिसरी गोष्ट, 'तात्काळ' हा शब्द. घाई नक्की कुणाला आहे? महाराष्ट्रात शाळेची संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची किती पदं मंजूर होणार ते, आधार पडताळणी झालेल्या विद्यार्थिसंख्येशी जोडली गेली. नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही की मूल वर्गात बसलेलं असूनही त्या मोजणीतून सुटू शकतं. ही गोष्ट पालकांना सरळ सांगता आली असती : 'आधार जुळलं नाही तर आपल्या शाळेतला एक शिक्षक कमी होऊ शकतो.' हे वाक्य कुठल्याही गावाला कळेल. त्याऐवजी 'नुकसान' असा मोघम शब्द येतो आणि तो पालकाला धमकीसारखा वाटतो.

इथे थांबा, नाहीतर सगळा राग गुरुजींवर निघेल. द्विशिक्षकी शाळेत वर्ग, पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती, सगळं त्याच दोघांकडे असतं. वरून आलेला निरोप गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक असा उतरत येतो आणि बऱ्याचदा तसाच्या तसा पालकांच्या ग्रुपवर पडतो. म्हणजे नाव शाळेचं आणि भाषा कचेरीची. म्हणून सूचना कुठून निघाली आणि वाटेत तिच्यात काय बदललं, हे शोधल्याशिवाय 'शाळा पालकांशी अशी बोलते' असं विधान करू नका.

आता सगळ्यात मोठा प्रश्न : 'सर्व पालक' म्हणजे कोण? बीड जिल्ह्यातलं ऊसतोड कुटुंब घ्या. हंगाम सुरू झाला की आईवडील पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मूल आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात. फोन वडिलांकडे. फेब्रुवारीतली ही सूचना फडातल्या फोनवर पोचते, त्यावर निळ्या खुणाही येतात, आणि मूल शेकडो किलोमीटर लांब असतं. झेरॉक्स कोण जमा करणार? आजीचं नाव तर ग्रुपमध्येच नाही. तुमच्या प्रश्नावलीत मात्र हे घर 'कधीच नाही'मध्ये जाईल.

ही चूक ओळखायला संदर्भ आहेत. ॲनेट लारू यांचं १९८९ चं 'होम ॲडव्हान्टेज' वाचा. कॅलिफोर्नियातल्या एका कामगारवस्तीतल्या आणि एका सुखवस्तू वस्तीतल्या शाळेची तुलना त्यांनी केली. मुलांनी शिकावं असं दोन्हीकडच्या पालकांना वाटत होतं. शाळेची अपेक्षा पुरी करायला लागणारी साधनं मात्र सारखी नव्हती. जॉइस एपस्टाइन यांनी पालक-सहभागाचे सहा प्रकार मांडले, त्यात 'संवाद' दोन्ही बाजूंनी धरला आहे : शाळेकडून घरी आणि घरून शाळेकडे. सिनॉप्सिसमध्ये हे सहा प्रकार नुसत्या चौकटी म्हणून उतरवले, की त्यातली परतीची वाट गळून पडते. ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येत असेल, तर त्याला संवाद म्हणायचं का?

आपला कायदाही काही कमी सांगत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २४ नुसार शिक्षकांनी पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती याबद्दल त्यांना सांगायचं. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे कायद्यातला पालक शाळा चालवण्यात सहभागी आहे, आणि आपल्या नमुन्यातला पालक झेरॉक्स आणून देणारा. या दोहोंतली दरी हा तुमचा संशोधन-प्रश्न होऊ शकतो.

सुरुवात छोटी करा. एका शाळेच्या एका महिन्याच्या सूचना घ्या आणि पाच रकाने आखा : मूळ निरोप कुणाचा, कर्ता कोण, पालकाने काय करायचं, उलट विचारायची सोय आहे का, मुलाच्या शिकण्याबद्दल एक तरी वाक्य आहे का. तुम्ही स्वतः त्या ग्रुपमध्ये असलात तरी त्याला संमती म्हणत नाहीत. मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी घ्या, नावं आणि नंबर आधी काढून टाका.

आणि हो, मजकूर वाचून पालकांना तो कसा समजला हे कळत नाही. त्यासाठी घरी जावंच लागेल. तिथे 'प्रतिसाद देता का?' हा प्रश्न जरा मागे ठेवा. पहिलं हे विचारा : शेवटची सूचना आली तेव्हा फोन कुणाकडे होता आणि मूल कुठे होतं?