एका चौकटीतल्या दोघी

मराठी घरात चित्रकथा येते मुलांच्या हातून आणि जाते रद्दीवाल्याच्या हातून. मधल्या काळात मोठी माणसेही ती चवीने वाचतात, पण तिच्याविषयी चार शब्द गंभीरपणे लिहावेत असे सहसा कुणाला वाटत नाही. हा अन्याय आहे. प्रेमाची गोष्ट सांगण्याची चित्रकथेची एक स्वतंत्र रीत आहे, आणि ती शब्दांच्या कादंबरीला साधत नाही. कादंबरीकार प्रेमाचे वर्णन करतो. चित्रकथाकाराला मात्र आधी ठरवावे लागते की चौकटीत कोण कुणाच्या शेजारी उभे राहणार.

आम्हा दुधनीच्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको. खानवेलच्या पुढे, दमणगंगेच्या फुगवट्याच्या काठाने जी वारली वस्ती आहे, तिच्यात लग्नाचा चौक ही आजही मोठी गोष्ट आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते, शेजारी घोड्यावर नवरा-नवरी येतात, आणि धवलेरी गाणे म्हणते. चौकाशिवाय लग्न पुरे होत नाही. जोडप्याला चित्रात जागा मिळणे म्हणजे समाजात जागा मिळणे, हे त्या भिंतीने केव्हाच सांगून ठेवले आहे.

छापील चित्रकथांनी तरी दुसरे काय केले? आपल्या पिढीने वाचलेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४ ते १९९० पर्यंत निघाली. ती मराठीत येत, गुजरातीतही येत. सीमेवरच्या घरात एक भाऊ एका भाषेत वाची, दुसरा दुसऱ्या. त्यातल्या वेताळाने वर्षानुवर्षे डायनाला ताटकळत ठेवले आणि अखेर १९७७ साली तिच्याशी लग्न केले. ‘अमर चित्रकथे’तल्या नल-दमयंतीचा हंसही शेवटी स्वयंवरापर्यंतच उडतो. प्रेमाची चौकट तयार होती. तिच्यात एक पुरुष आणि एक स्त्री एवढेच मावत होते.

पाश्चात्त्य देश या बाबतीत फार पुढे होते असेही नाही. ज्या १९५४ साली आपली दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून सुटली, त्याच साली अमेरिकेतल्या कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. समलिंगी प्रेमाचा नुसता सूचक उल्लेखही तिच्यात बसत नसे. ते कलम १९८९ साली गळाले. मार्व्हल कंपनीच्या नॉर्थस्टार या नायकाने १९९२ साली आपण समलिंगी असल्याचे सांगितले, आणि त्याचे लग्न छापून यायला २०१२ साल उजाडले. म्हणजे तिथेही भिंतीवरच्या चौकात जागा मिळायला वेळच लागला.

या पार्श्वभूमीवर मला ज्या पुस्तकाविषयी लिहायचे आहे ते म्हणजे अमृता पाटील यांची ‘कारी’ ही २००८ साली निघालेली चित्रकादंबरी. लेखिका-चित्रकर्ती पुण्यात जन्मलेली, गोव्यात वाढलेली आणि तिथल्याच कला महाविद्यालयात शिकलेली. पुढे तिने ‘आदिपर्व’ आणि ‘सौप्तिक’ या पुस्तकांतून महाभारतही चित्रांत मांडले. तेव्हा ‘हे आपल्याकडचे नव्हे’ असे म्हणणाऱ्यांनी निदान थोडे थांबावे.

कारी आणि रूथ या दोन तरुणी एकमेकींवर प्रेम करतात आणि दोघीही इमारतीवरून उडी घेतात. इथे गोष्ट संपत नाही, इथे ती सुरू होते. रूथ जाळीत अडकून वाचते आणि विमानाने शहर सोडून जाते. कारी गटारात पडून वाचते आणि त्याच धुरकट महानगरात राहते. जाहिरात कंपनीत केसांच्या उत्पादनाची जाहिरात लिहिते, दाटीवाटीच्या घरात मैत्रिणींबरोबर दिवस काढते, कर्करोगाने मरू घातलेल्या एंजलची सोबत करते. ज्या पाण्याने वाचवले त्याचे ऋण फेडायचे म्हणून ती स्वतःला गटारांतून होडी वल्हवणारी नावाडी समजते. शेवटी पुन्हा कठड्याशी येते, आणि मागे फिरते.

या रचनेचे महत्त्व मराठी वाचकाला अधिक कळावे. १९८१ साली रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ची आठवण करा. सुमित्रा देव नमावर प्रेम करते आणि अखेर स्वतःला संपवते. त्या काळात हे नाटक लिहिणे हेच धाडस होते, याविषयी वाद नाही. पण जिथे मित्राची गोष्ट संपते तिथून कारीची सुरू होते. मधल्या काळात २००६ साली सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ आली. तिच्यात एकाच भाडेकरूवर भाऊ आणि बहीण दोघेही जीव लावतात. घर हादरते, पण कुणाला मरावे लागत नाही. ‘कारी’ याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे. दुःख करायचे, पण जगत करायचे, हे ती नायिकेला शिकवते.

आणि हे ती चौकटींतून शिकवते. आरंभीच्या चित्रात दोघी शेजारी आहेत, फ्रीडा काहलोच्या दोन फ्रीडांसारख्या, रक्तवाहिन्यांनी जोडलेल्या. मग कारी एकटी उरते. बहुतेक पाने काळ्या-पांढऱ्यात, मधूनच रंग. विरहाचे इतके नेमके चित्र शब्दांनी काढायला केवढी तरी पाने लागली असती.

दोषही आहेत. रूथ ही व्यक्ती म्हणून उभी राहत नाही, ती आठवणच राहते. काही पानांवर मजकूर चित्राला दाबून टाकतो. आणि मोठी अडचण भाषेची. पुस्तक इंग्रजीत लिहिलेले आहे. आपल्या दुभाषी घरांत मुले शाळेत एक भाषा शिकतात, घरी दुसरी बोलतात. स्वतःच्या मनातली गोष्ट जर फक्त तिसऱ्याच भाषेत सापडली, तर मूल ती आई-बाबांपाशी कोणत्या शब्दांत काढणार? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला; २०२३ साली त्याच न्यायालयाने लग्नाची मान्यता मात्र दिली नाही. कायद्याचे जे व्हायचे ते होईल. घरात शब्द आणणे हे साहित्याचे काम आहे, आणि ते न्यायालय करू शकत नाही.

म्हणून माझी विनंती दोन प्रकारची आहे. मराठी चित्रकारांनी अशा गोष्टी मराठीत काढाव्यात. बोली आपली, गल्ली आपली, घरे आपली असावीत. आणि पालकांनी मुलांच्या हातातली चित्रकथा रद्दीत देण्यापूर्वी एकदा स्वतः वाचावी. तिच्यात आपल्याच घरातले कुणी उभे असण्याची शक्यता आहे.