‘मेंदू विरघळतो’ : एका सोप्या वाक्याची तपासणी

व्यसनमुक्तीच्या भाषणांत आणि शाळेतल्या तक्त्यांवर एक वाक्य हमखास भेटते : ‘थिनर हुंगला की मेंदू विरघळतो, उंदरांवरच्या प्रयोगांत हे सिद्ध झाले आहे.’ हेतू चांगला आहे, पण वाक्य कच्चे आहे. बदनापूरसारख्या रस्त्यावरच्या गावात पंक्चर काढणाऱ्या आणि गाड्या रंगवणाऱ्या दुकानांत हाताशी असणारी मुले आपल्याच वर्गात बसतात. म्हणून या वाक्याची परीक्षा करायला हवी.

पहिला आक्षेप ‘विरघळतो’ या शब्दाला. थिनरने ग्रीसचा डाग निघतो हे मुलांनी पाहिलेले असते आणि मेंदूत मेद भरपूर असतो, म्हणून ही कल्पना पटते. थिनरमधले टोल्युइन मेदात सहज मिसळते आणि त्यामुळे रक्तातून मेंदूत झटकन पोचते, इथपर्यंत ती बरोबरही आहे. पुढे काय होते? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उंदराच्या मेंदूतील ग्लुटामेटचे ग्राहक बेडकाच्या अंडपेशींवर तयार करवून घेतले होते. ग्लुटामेट हा मज्जापेशींमधला निरोप्या. शिकणे आणि लक्षात ठेवणे त्यावर बरेच अवलंबून असते. टोल्युइन सोडताच एनएमडीए नावाच्या ग्राहकांचे काम जवळजवळ थांबले, दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकांवर मात्र फारसा परिणाम झाला नाही. टोल्युइन धुऊन काढल्यावर काम पूर्ववत झाले. म्हणजे इथे काही विरघळले नव्हते; निरोप अडला होता. वर्षानुवर्षे हुंगणाऱ्यांच्या मज्जातंतूंवरील मेदयुक्त आवरण नष्ट होते हेही खरे, पण ती फार पुढची पायरी आहे.

दुसरा आक्षेप असा, की हे वाक्य सगळ्या द्रावकांना एकाच माळेत ओवते. कल्याणजवळ शहाडला निघणाऱ्या व्हिस्कोज रेयॉनसाठी कार्बन डायसल्फाइड लागते. रबर कामगारांमध्ये त्यामुळे येणारी दुर्बलता आणि मनोविकार पॅरिसच्या देल्पेश या वैद्याने १८५६ मध्येच नोंदवले होते. त्यामागची एक यंत्रणा उंदरांत सापडली. मेंदूत डोपामाइनपासून नॉरएड्रिनलिन बनवणाऱ्या एन्झाइमला तांबे लागते. कार्बन डायसल्फाइडपासून शरीरात तयार होणारी संयुगे नेमके ते तांबे पकडून ठेवतात. मग डोपामाइन वाढते आणि नॉरएड्रिनलिन घटते. सोयाबीनचे तेल काढताना वापरतात त्या हेक्झेनची तऱ्हा आणखी वेगळी. यकृतात त्याचे रूपांतर होऊन बनणारा पदार्थ लांब मज्जातंतूंतील प्रथिनांना चिकटतो, म्हणून आधी पाय बधिर होतात.

तिसरा आक्षेप ‘सिद्ध झाले’ याला. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात तुरीचा नवा वाण जुन्या वाणाशेजारी पेरून पाहतात, तेव्हाच तुलना होते. तसेच, तशाच पेटीत पण स्वच्छ हवेत ठेवलेले उंदीर शेजारी नसतील, तर प्रयोगाला अर्थ नाही. शिवाय मात्रा सांगायला हवी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत हवेच्या दशलक्ष भागांत टोल्युइनचे १०० भाग ही आठ तासांच्या कामाची मर्यादा होती. नशेसाठी हुंगणाऱ्याच्या श्वासात ते हजारो भाग असते. रंगकाम करणारा आणि फडके नाकाशी धरणारा यांचा धोका एक नव्हे.

एवढा काथ्याकूट कशासाठी? ज्या मुलाने एकदा हुंगून पाहिले, त्याचा मेंदू दुसऱ्या दिवशी जागेवरच असतो. त्याच्या दृष्टीने गुरुजी खोटे ठरतात आणि पुढचे खरे बोलणेही वाया जाते. खरी गोष्ट तर जास्त गंभीर आहे. द्रावकाच्या वाफेने हृदय एड्रिनलिनला अतिसंवेदनशील होते. अशा वेळी मूल दचकले किंवा धावले, तर ठोक्यांची लय बिघडून पहिल्याच खेपेला मृत्यू येऊ शकतो. तक्त्यावर हे लिहावे. रंगाच्या दुकानात दारे उघडी ठेवावीत, थिनरने हात धुऊ नयेत, हेही लिहावे. ‘विरघळतो’ हा शब्द मात्र तिथून पुसावा.