उच्चाराचा वेग आणि संहितेचा प्रश्न

वॉशिंग्टनच्या 'बॅड ब्रेन्स' या चार कृष्णवर्णीय कलावंतांच्या वाद्यवृंदाचा पहिला संग्रह 1982 मध्ये न्यूयॉर्कमधून केवळ कॅसेटच्या रूपात निघाला. मुखपृष्ठावर कॅपिटॉलच्या घुमटावर कोसळणारी वीज. हार्डकोअर पंकच्या इतिहासात या कॅसेटचे स्थान वादातीत असले, तरी समीक्षेपुढे ती एक अडचण उभी करते. बरीचशी गाणी दोन-अडीच मिनिटांतच संपतात आणि पहिल्या श्रवणात शब्द हाती लागत नाहीत. मग येथे संहिता कोणती मानावयाची?

कोल्हापूर-गारगोटीकडील श्रोत्याच्या परिचयाच्या पोवाड्यात शब्द पोचणे ही पूर्वअटच असते. आंबेडकरी जलशातील विद्रोहही अर्थावर उभा असतो. येथे तो शब्द मोडणाऱ्या वेगातून प्रकटतो. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'तील (1972) भाषिक मोडतोडीशी त्याचे नाते सांगता येईल. पण तेथे मोडलेला शब्दही छापील पानावर शिल्लक राहतो.

याच संग्रहात संथ लयीची तीन रेगे गीते आहेत. त्यांना निव्वळ विसावा समजणे उथळपणाचे होय. रास्ताफारी श्रद्धेतील 'बॅबिलॉन', म्हणजे दास्याची सत्ता, तेथे नावानिशी ऐकू येते. वेगवान गाण्यांतील संतापाला त्यामुळे मागाहून पत्ता मिळतो. केवळ छापील गीतपाठ समोर ठेवणाऱ्या समीक्षकाला दोहोंतील हे अंतर दिसणारच नाही.