वेषनियम आणि स्त्रीची संमती : चेंबूर निर्णयाची चिकित्सा

चेंबूर येथील आचार्य-मराठे महाविद्यालयाने बुरखा, नकाब, हिजाब, टोपी व बिल्ला यांना मज्जाव करणारा वेषनियम केला. त्याविरुद्ध नऊ विद्यार्थिनींनी केलेला अर्ज मुंबई उच्च न्यायालयाने 26 जून 2024 रोजी फेटाळला. निर्णयाची कारणमीमांसा मुख्यतः द्विविध आहे : हा नियम सर्व विद्यार्थ्यांस समान असून विद्याभ्यासाच्या व शिस्तीच्या हिताचा आहे, आणि हिजाब हे धर्माचे अनिवार्य अंग असल्याचे सिद्ध झालेले नाही.

पैकी पहिले कारण शब्दतः निर्दोष, परंतु अर्थतः अपुरे आहे. जिच्या वेषात असे चिन्हच नसते, तिला या समानतेचा भार वाहावा लागत नाही. टिळा व टिकली यांवरही बंदी घालणार काय, हा सर्वोच्च न्यायालयाचा प्रश्न याच मर्मावर बोट ठेवतो. दुसऱ्या कारणाने न्यायाधीशास धर्मशास्त्र्याचे आसन घ्यावे लागते. ग्रंथात काय लिहिले आहे याचा निर्णय होतो. जी स्त्री ते वस्त्र नेसते वा टाकते, तिची इच्छा मात्र विचाराबाहेर राहते.

इराणचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो. 1936 साली रेझा शहाने पडदा सक्तीने काढविला. 1979 च्या क्रांतीनंतरच्या राजवटीने तो सक्तीने घालविला आणि 1983 च्या कायद्याने अवज्ञेस 74 फटक्यांपर्यंत शिक्षा सांगितली. दोन्ही आज्ञा परस्परविरुद्ध, पण त्यांचे गृहीत एकच : स्त्रीचा देह हा राज्याचा ध्वज होय. 2022 साली महसा अमिनीच्या मृत्यूनंतर जो उद्रेक झाला, तो या गृहीताविरुद्धच होता.

यावर आक्षेप असा की, घराच्या दडपणाखालील इच्छेस स्वतंत्र इच्छा कसे म्हणावे? आक्षेप सबळ आहे. तथापि महाविद्यालयाचे दार मिटल्याने ते दडपण कमी न होता वाढते, कारण मुलगी पुन्हा घराच्याच स्वाधीन होते. हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत मोर्चा काढला, तो तोंडी तलाक व बहुपत्नीत्व यांविरुद्ध. त्यांनी मागितला तो कायद्यातील हक्क. वस्त्राविषयीची आज्ञा नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने 9 ऑगस्ट 2024 च्या अंतरिम आदेशाने हिजाब, टोपी व बिल्ला यांवरील बंदी स्थगित केली, वर्गातील बुरख्यास मात्र अनुमती दिली नाही. अध्यापनाची गरज आणि धर्मचिन्हाविषयीची नापसंती या दोन भिन्न गोष्टी होत, असा विवेक या आदेशातून निष्पन्न होतो. उच्च न्यायालयाच्या निर्णयात उणीव आहे ती नेमकी याच विवेकाची.